बोटीवरची गुरं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या गोव्यात डिचोली-साखळीकडे वाड्यावर एक तरी माणूस बोटीवर असतोच, कोण क्रूझवर, कोण टँकरवर. माझा आतेभाऊ मात्र दोन कॉन्ट्रॅक्टं गुरांच्या बोटीवर, म्हणजे विकलेली जिवंत गुरं परदेशी नेणाऱ्या बोटीवर, करून आला, आणि तेव्हापासून चवथीला म्हणा, लग्नात म्हणा, लोक त्याला तेच तेच विचारतात, आणि तो घरी नसला की मला. माझ्याकडे पाच गाई आहेत, दूध सोसायटीला घालतो, त्यामुळे मी काही पोस्टर घेऊन उभा राहणारा प्राणीमित्र नाही, पण गुरांतलं थोडंफार कळतं आणि या विषयावर बरंच वाचलंयही. म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकू.

गुरांची बोट म्हणजे नेमकी कशी असते?

लांबून बघितलं तर बहुमजली पार्किंगच पाण्यावर तरंगतंय असं वाटतं. एकावर एक डेक, प्रत्येक डेकवर लोखंडी पाइपांचे खण आणि प्रत्येक खणात बरीच जनावरं एकत्र. वरचे डेक बाजूने उघडे, तिथे वारा येतो. खालचे बंद, तिथली हवा सगळी पंख्यांच्या जिवावर. पंखे थांबले की संपलंच, म्हणून इंजिनवाल्यांना तिथे शांत झोप नसते, आणि आतेभाऊ इंजिनातच होता.

पहिल्यापासून गुरांसाठीच बांधलेल्या बोटी थोड्याच. बाकीच्या कितीतरी आधी कंटेनर नाहीतर मोटारी वाहायच्या, म्हाताऱ्या झाल्यावर त्यांच्यावर मजले चढवून त्यांना गुरांच्या बोटी केलं. साधी मालाची बोट पंचवीस-तीस वर्षांत अलंगला तुटायला जाते, यातल्या काही मात्र चाळिशी उलटली तरी समुद्रात.

आकडा डोळ्यांसमोर येत नाही म्हणून एक हिशोब मांडतो, हिशोब माझा आहे, गोठ्यावरून केलेला. सहा हजार गुरांची बोट धरा. एका जनावराला दिवसाला चाळीस लिटर पाणी म्हटलं तरी दोन लाख चाळीस हजार लिटर, म्हणजे मे महिन्यात आपल्याकडे येतात तसले दहा हजार लिटरचे चोवीस टँकर, रोज. हे पाणी बोटीवरच समुद्राच्या पाण्यापासून बनवतात. शेण वीस किलो धरलं तर दिवसाला एकशेवीस टन, म्हणजे खाणीतल्या मिनरलचे डझनभर टिपर, तेही रोज, आणि मूत वेगळं.

मग ते शेण जातं कुठे?

समुद्रात. जनावरं ठेवलेल्या जागेतून वाहणारं पाणी बोटींच्या आंतरराष्ट्रीय नियमांत सांडपाणी म्हणूनच धरतात, आणि किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या बाहेर, बोट चालू असताना, ते प्रक्रिया न करता सोडता येतं. मेलेली जनावरंही समुद्रातच जातात, फक्त ती किनाऱ्यापासून खूप लांब टाकावीत अशी अपेक्षा असते, मार्गदर्शक सूचनांत १०० सागरी मैल म्हटलंय.

बंदरात असताना मात्र काही सोडता येत नाही, तेव्हा सगळं आतच साठतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये अल कुवेत नावाची बोट ब्राझीलहून इराकला १९,००० गुरं घेऊन जाताना चारा घ्यायला केपटाउनला थांबली, तर अख्ख्या शहराला एवढी दुर्गंधी की नगरपालिकेची माणसं आधी स्वतःची गटारं तपासत सुटली. नंतर कळलं की वास बंदरातून येतोय. तिथल्या प्राणीरक्षकांनी बोटीवर जाऊन बघितलं तर शेणामुताचा राडा, आजारी आणि मेलेली जनावरं. शहराला हा वास दोन-तीन दिवस आला, जनावरं त्यात आठवडेच्या आठवडे उभी होती हे बातम्यांत शेवटच्या ओळीला.

आतेभाऊ पहिल्यांदा घरी आला तेव्हा आत्याने त्याची बॅग पायरीवरच अडवली. कपडे चार पाण्यांतून काढले, सर्फ झाला, लिंबू झालं, सोडा झाला, मग कुळागरात दोन पोफळींना दोरी बांधून आठवडाभर वाळत घातले. तरी बॅगेच्या चेनला वास होताच. आमच्या घरात शेणाच्या वासाचं कुणाला कौतुक नाही, जन्म त्यात गेलाय, पण हा वास वेगळा होता, नाकातून डोळ्यांत जाणारा. तो अमोनियाचा.

गोठ्यातही गाय बांधूनच असते की. बोटीवर असं काय वेगळं?

हा प्रश्न मला आवडतो, कारण विचारणारा बहुतेक गुरंवालाच असतो.

गाय दिवसाला दहा-बारा तास बसते. बसून रवंथ करते, तेव्हाच तिला खरा आराम. आता बोटीवर बघा. चारशे किलोच्या जनावराला ऑस्ट्रेलियाच्या नियमाने, जे या धंद्यात कडक मानले जातात, मिळणारी जागा दीड चौरस मीटरच्या आसपास. घरातला सिंगल कॉट साधारण तेवढाच. त्यात शेजारचं जनावर ओळखीचं नाही, कुठल्या तरी दुसऱ्या फार्मवरून आलेलं, दांडगं असेल तर चाऱ्याजवळ येऊच देत नाही. खाली लोखंड, त्यावर थोडा भुसा, आणि दोन दिवसांत त्या भुश्याचा चिखल. बसावं तर शेजारचा पाय अंगावर पडणार, उभं राहावं तर बोट डोलतेय आणि खुरं सरकतायत. गुडघे आणि खुरांच्या वरचा सांधा सोलवटतो, जखमेत शेण जातं, पाय सुजतो, मग ते जनावर चाऱ्यापर्यंत पोचत नाही आणि तिथून पुढे उतरणच.

दुसरं म्हणजे फुफ्फुसं. अमोनिया, दमट हवा, गर्दी आणि प्रवासाचा ताण एकत्र आले की न्यूमोनिया पकडतो, या धंद्यात त्याला सरळ शिपिंग फीव्हरच म्हणतात. डोळे येतात, पाणी गळतं. डेक धुतात ते काही दिवसांनी एकदा, होज मारून, आणि धुताना ते सगळं पाणी वरून खालून जनावरांच्या अंगावर. आपण गाय धुतो तसं नाही हो ते.

आणि डॉक्टर? लांबच्या फेऱ्यांवर ऑस्ट्रेलियाने डॉक्टर पाठवलेत, लिन सिम्पसन नावाच्या एक बाई अशा ५७ फेऱ्या करून आल्या आणि नंतर उघडपणे बोलल्या, म्हणून तर आतलं बरंच बाहेर आलं. पण कितीतरी देशांच्या बोटींवर डॉक्टर नसतोच. आतेभावाच्या बोटीवर दोन गुराखीटाइप माणसं होती, औषधाची पेटी होती आणि न वाचणारं जनावर संपवायला एक बोल्टवाली बंदूक, बस.

एक आणखी. दुधाच्या जातीच्या गाभण कालवडी मोठ्या संख्येने चीनसारख्या देशांत जातात. गाभणीला ताण दिला की काय होतं हे गुरंवाल्याला सांगायला नको. आतेभावाच्या दुसऱ्या फेरीत अकराव्या दिवशी एक कालवड व्याली, रात्री, बाकीच्यांच्या पायात. तो कोपऱ्यात पाइपाला टेकून वासराला गोणपाटाने पुसत बसला होता असं तो सांगतो. पुढचं तो सांगत नाही आणि मीही खणत नाही.

पण मरतात किती? ऐकलंय अगदी थोडी मरतात.

बरोबर ऐकलंय. ऑस्ट्रेलियातून जाणाऱ्या गुरांचा मेलेल्यांचा आकडा बहुतेक फेऱ्यांत हजाराला एक-दोनच्या घरात असतो. आणि इथेच सगळे फसतात. कारण मोजलं जातं ते मेलेलं. लंगडणारं, धापा टाकणारं, डोळा गेलेलं, पंधरा दिवस न बसलेलं जनावर बंदरावर स्वतःच्या पायाने उतरलं की कागदावर ते ठणठणीत पोचलं. माझी गाय मेली नाही म्हणजे ती मजेत आहे असा हिशोब मी केला तर माझी बायकोच मला गोठ्यात बांधेल.

या हिशोबाचा जुना नमुना आपल्याच गोव्याजवळचा. पोर्तुगीज येण्याच्या आधीपासून अरबस्तानातून, होर्मुजहून घोडे बोटीने या किनाऱ्याला उतरायचे आणि वर विजयनगरला जायचे. १५१० मध्ये अल्बुकेर्कने गोवा घेतला तो घेताना या घोड्यांच्या व्यापारावर डोळा होताच. फेर्नांव नुनीश या पोर्तुगीज व्यापाऱ्याने लिहून ठेवलंय की विजयनगरचा राजा नरसिंह घोडा जिवंत आला की मेलेला हे बघायचा नाही, वाटेत मेलेल्याची नुसती शेपटी आणून दाखवली तरी जिवंत घोड्याचे पैसे द्यायचा. आता शेपटीला पूर्ण भाव मिळत असेल तर वाटेत पाणी पाजायला कोण कशाला धडपडेल? आजचा विमा आणि आजची टक्केवारी मला त्या शेपटीचीच भावंडं वाटतात.

उन्हाळ्यात काय होतं?

तापमापकातला आकडा सोडा, खरा वैरी दमटपणा. मे महिन्यात वास्कोला पस्तीस आणि बेळगावला पस्तीस यात काय फरक आहे ते आपल्या अंगाला ठाऊक आहे. जनावर घामाने आणि धापा टाकून अंगातली उष्णता बाहेर काढतं, हवाच ओली असली तर ती निघत नाही, शरीर आतून शिजायला लागतं. जून ते सप्टेंबर पर्शियन आखातात हवा अशीच असते, रात्रीही उतरत नाही. त्यात थंडीच्या दिवसांतून निघालेलं, अंगावर केस वाढलेलं जनावर एकदम त्या भट्टीत शिरतं, कारण तिकडे दक्षिणेत तेव्हा हिवाळा असतो.

ऑगस्ट २०१७ मध्ये अवासी एक्स्प्रेस ऑस्ट्रेलियाहून आखाताकडे सुमारे ६४,००० मेंढरं घेऊन गेली, त्यातली सुमारे २,४०० उकाड्याने मेली. बोटीवरच्या एकाने व्हिडिओ काढले होते, ते २०१८ मध्ये टीव्हीवर आले आणि देश हादरला. त्यानंतर किती टक्के मेंढरं मेली की चौकशी करायची ती मर्यादा २ टक्क्यांवरून १ टक्क्यावर आणली आणि पुढे कडक उन्हाळ्याच्या महिन्यांत त्या फेऱ्याच थांबवल्या.

आपल्याकडच्या वशिंडवाल्या, गळ्याखाली लोंबत्या पोळीच्या जाती उकाडा जास्त सोसतात. गंमत म्हणजे ब्राझीलमधली बहुसंख्य मांसाची गुरं नेलोर जातीची, म्हणजे आपल्या आंध्रातली ओंगोल, नेल्लोर जिल्ह्याचं नाव घेऊन गेलेली. कधी काळी तीही बोटीनेच गेली. आता तिचीच पिल्लावळ बोटीने इराक नि तुर्कस्तानला.

बोट बुडाली तर गुरांचं काय?

काय होणार. दोर नाही, लाइफजॅकेट नाही, खणाची दारं बंद.

२ सप्टेंबर २०२०, गल्फ लाइव्हस्टॉक १, न्यूझीलंडच्या नेपियरहून चीनला निघालेली, ५,८६७ गाई आणि ४३ माणसं. जपानजवळ मेसाक वादळात इंजिन गेलं, लाट आडवी बसली. माणसं जिवंत वाचली दोन. खलाशी बहुतेक फिलिपिनो, त्यांच्या घरांत तेव्हा काय झालं असेल ते आमच्या वाड्यावर वेगळं सांगावं लागलं नाही, त्या आठवड्यात आत्या रोज दोनदा फोन लावायची. तीही बोट आधी कंटेनरची होती.

नोव्हेंबर २०१९ मध्ये रोमानियाच्या मिडिया बंदरातून निघून क्वीन हिंद थोड्याच वेळात कलंडली, १४,६०० मेंढरं, जेमतेम दोनेकशे वाचली. ऑक्टोबर २०१५ मध्ये ब्राझीलच्या बार्कारेना इथे हैदर नावाची बोट धक्क्याला बांधलेली असतानाच बुडाली, जवळजवळ ५,००० बैल होते. बहुतेक आतच अडकून मेले, बाकीची धुडं तेलात माखून आसपासच्या किनाऱ्यांना लागली आणि तिथल्या मासेमारांचा धंदाच बसला. २०२२ च्या जूनमध्ये सुदानच्या सुआकिन बंदरात १५,००० वर मेंढरं अशीच गेली. धक्क्यावरच.

पलीकडच्या बंदराने माल घ्यायला नकार दिला तर?

माझ्या मते हाच सगळ्यात वाईट प्रकार, बुडण्याहूनही. डब्यातलं मांस नाकारलं तर ते परत येतं, नुकसान पैशाचं. जिवंत जनावर नाकारलं तर ते समुद्रात फिरत राहतं, आणि कुठल्याच देशाला ते उतरवून घ्यायचं नसतं, रोगाची भीती.

२००३ मध्ये कोर्मो एक्स्प्रेसवरची ५७,००० ऑस्ट्रेलियन मेंढरं सौदीने तोंडाचा रोग आहे म्हणून नाकारली. ती बोट दोन महिन्यांच्या वर भटकली, शेवटी एरिट्रियाने घेतली, तोवर पाच हजारांवर मेली होती. डिसेंबर २०२० मध्ये स्पेनमधून करीम अल्ला आणि एल्बैक या दोन बोटी निघाल्या, ब्लूटंग या गुरामेंढरांच्या रोगाचा संशय, कुणी उतरवून घेईना, भूमध्य समुद्रात फेब्रुवारी-मार्चपर्यंत घिरट्या, शेवटी परत स्पेनलाच येऊन जनावरं मारून टाकली. जानेवारी २०२४ मध्ये बहिजा ही बोट १४,००० मेंढरं आणि २,००० गुरं घेऊन ऑस्ट्रेलियाहून निघाली, तांबड्या समुद्रात येमेनच्या हुथी बंडखोरांचे हल्ले म्हणून अर्ध्यातून परत बोलावली, आणि घरच्या बंदराजवळ येऊनही तिकडच्या भर उन्हाळ्यात दिवसेंदिवस जनावरं बोटीवरच, कारण उतरवायची की परत पाठवायची याचा निर्णय होईना. वाटेत युद्ध, रोग, कागद, काहीही आडवं आलं तरी भोगायचं जनावराने.

फ्रोजन मांस का पाठवत नाहीत?

पाठवतात की, भरपूर. आपला भारतच म्हशीच्या मांसाच्या जगातल्या मोठ्या निर्यातदारांपैकी, आणि ते सगळं हाड काढून, गोठवून, कंटेनरमधून जातं. ऑस्ट्रेलियाहून आखातात थंड केलेलं हलाल मटणही विमानाने, बोटीने जातं. म्हणजे सोय आहे, गिऱ्हाईक आहे, सगळं आहे.

तरी जिवंत का मागतात, तर कारणं वेगवेगळी. काही ठिकाणी लोकांना ताजं कापलेलंच हवं, आपल्याला नाही का म्हापशाच्या बाजारात फडफडती मासळी हवी असते तसं. ईदला कुर्बानीचं जनावर लागतं. काही देश मांसावर जास्त कर लावतात आणि जनावरावर कमी, म्हणजे कत्तल, कातडं, चाऱ्याचा धंदा स्वतःच्या देशात राहतो. इंडोनेशिया तर ऑस्ट्रेलियाची तरणी गुरं घेऊन तिथे काही महिने खिलवून पुष्ट करतो, तो एक अख्खा धंदा आहे. डार्विनहून तिकडे चार-पाच दिवसांत पोचतात, आणि ब्राझील-इराकसारख्या तीन-चार आठवड्यांच्या फेरीशी त्याची तुलना करू नये, हे मी प्रामाणिकपणे सांगतो.

हा विषय मुसलमानांविरुद्ध आहे का?

नाही, आणि कुणी तसा वळवला तर त्याला थांबवा. विकणारे बघा, ऑस्ट्रेलिया, ब्राझील, स्पेन, रोमानिया. बोट जुनी ठेवणारा, पंख्यात पैसे वाचवणारा, दोन जास्तीची जनावरं कोंबणारा कुठल्या धर्माचा असतो? खऱ्याखुऱ्या इस्लामी शिकवणीत जनावराला त्रास न देण्याबद्दल पुष्कळ सांगितलंय, ते आमच्या वाळपईच्या मुसलमान शेजाऱ्यानेच मला समजावलं. आणि आपण तरी काय, गाय माता म्हणायचं आणि दूध आटलं की हायवेवर सोडायचं. रात्री पर्वरीच्या उतारावर बसलेल्या गाईला ठोकून पडलेल्या पोरांना विचारा.

कायदे काहीच नाहीत का?

आहेत, पण समुद्रावर पोलीस नसतो. जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या संहितेत बोटीने गुरं नेण्यावर वेगळं प्रकरण आहे, भारतही सदस्य आहे, पण ती संहिता म्हणजे सल्ला, दंड नाही. युरोपच्या कोर्टाने एप्रिल २०१५ मध्ये सांगितलं की युरोपातून निघालेल्या जनावराला युरोपचे नियम मुक्कामापर्यंत लागू, सीमेपर्यंतच नव्हे. ऐकायला छान. खुल्या समुद्रात बघायला जातो कोण?

ऑस्ट्रेलियाने २०११ मध्ये इंडोनेशियातल्या कत्तलखान्यांतले व्हिडिओ टीव्हीवर आल्यावर तिकडची गुरांची निर्यात अचानक थांबवली आणि महिन्याभरात नवी अट घालून चालू केली, की विकणाऱ्याने प्रत्येक जनावराचा माग पार कत्तलखान्यापर्यंत ठेवायचा.

कुठल्या देशांनी बंद केलंय?

न्यूझीलंडने ३० एप्रिल २०२३ पासून समुद्रमार्गे बंद केलं, तरी नंतर आलेल्या सरकारने ते परत उघडायचं म्हटलंय. ब्रिटनने २०२४ मध्ये कत्तलीसाठी आणि पुष्ट करण्यासाठी जिवंत निर्यातीवर कायद्याने बंदी घातली. ऑस्ट्रेलियात फक्त मेंढरांची समुद्रमार्गे निर्यात १ मे २०२८ पासून बंद होणार, गुरांची चालू राहील.

शेतकऱ्याचं काय? एका रात्रीत बंद केलं तर तो मरेल.

खरंय. २०११ ची बंदी अशीच रातोरात आली, उत्तर ऑस्ट्रेलियातल्या गुरंवाल्यांकडे विकायला काढलेली हजारो जनावरं अडकली, ते कोर्टात गेले आणि २०२० मध्ये कोर्टाने ती बंदीच बेकायदा ठरवली. मी गुरंवाला आहे, सोसायटीने उद्या सकाळी दूध घेणार नाही म्हटलं तर माझं काय होईल ते मला कळतं. म्हणूनच मेंढरांसाठी दिलेली काही वर्षांची मुदत मला शहाणपणाची वाटते, तेवढ्यात कत्तलखाने, कोल्ड स्टोरेज, नवे गिऱ्हाईक उभे राहतात.

भारतातून जातात का? आपल्या मुरगाव बंदरातून?

गाय, बैल, वासरू यांचं मांस भारतातून बाहेर पाठवायला बंदीच आहे. जिवंत गुरं पाठवायला सरकारी लायसन्स लागतं. शेळ्या-मेंढ्या मात्र गेल्यात, कच्छच्या तुणा बंदरातून आखातात, डिसेंबर २०१८ मध्ये गुजरात सरकारने ती थांबवली आणि मग कोर्टबाजी झाली. त्याच वर्षी नागपूर विमानतळावरून शारजाला शेळ्या-मेंढ्या पाठवायचं ठरलं होतं, विरोध झाला आणि विमान उडालंच नाही. जून २०२३ मध्ये केंद्राने पशुधन आयात-निर्यातीच्या नव्या कायद्याचा मसुदा काढला, तोही दोन आठवड्यांच्या आत मागे घेतला.

मुरगावला आपल्याला कोळसा, मिनरल आणि पांढऱ्या क्रूझ दिसतात. आपला संबंध येतो तो मालापेक्षा माणसांमुळे.

मग आपल्या ट्रकांचं काय?

वाट बघत होतो कुणी विचारतं का.

तीन वर्षांपूर्वी मी घाटावरून एक गाय आणली, जर्सी क्रॉस, चोर्ला घाटातून, पिकअपमध्ये. बोट नाही, सातासमुद्रापार नाही, उणेपुरे चार तास. खाली पेंढा कमी टाकला ही माझी चूक. ड्रायव्हर म्हणाला "काय होत नाय ओ", आणि मी ऐकलं. पाऊस, वळणं, साखळीला पोचलो तेव्हा रात्रीचे अकरा. फळी लावली तर ती उतरेना, चारही पाय थरथरत होते, पुढचा उजवा गुडघा सोललेला आणि त्यातून पेंढ्याची काडी बाहेर आलेली. बादली पुढे केली तर पाण्याचा वास घेतला आणि तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत प्यायली नाही. डॉक्टर बघून म्हणाले घाबरलीय, दुसरं काही नाही. ती अजून आहे, दूध चांगलं देते, पण पिकअपचा हॉर्न ऐकला की कान मागे जातात. त्या चार तासांना तीन आठवड्यांनी गुणून बघा, मी बघतो अधूनमधून.

कागदावर आपले नियम वाईट नाहीत. १९७८ च्या नियमांत एका ट्रकमध्ये सहापेक्षा जास्त गुरं नाहीत, प्रवासाला योग्य असल्याचा डॉक्टरचा दाखला हवा. २०१६ पासून लागू झालेल्या मोटार नियमात गाय-म्हशीला दोन चौरस मीटर जागा हवी. म्हणजे बघा, आपल्या ट्रकात कागदावर मिळणारी जागा ऑस्ट्रेलियाच्या बोटीपेक्षा जास्त! आणि प्रत्यक्षात? रात्री घाटात ताडपत्री टाकलेला ट्रक मागून बघितलाय कधी? २०२१ च्या सुरवातीला कर्नाटकचा गोहत्याबंदीचा नवा कायदा लागू झाला तेव्हा गोव्यात बीफ मिळेना म्हणून केवढी ओरड झाली, कारण माल सगळा तिकडूनच. चर्चा झाली ती मिळतं की नाही याची आणि धर्माची. ती जनावरं कशी येतात यावर मला तरी कुठे काही वाचायला मिळालं नाही.

आणि दंड. १९६० च्या क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला जास्तीत जास्त पन्नास रुपये. पन्नास. एका भाजी-पावालाही पुरत नाहीत.

रस्त्यावर असा ट्रक दिसला तर करायचं काय?

स्वतः अडवू नका, हे पहिलं. अडवाअडवीत मारामाऱ्या होतात, माणसं मरतात, आणि गर्दीत जनावर आणखी घाबरतं. नंबर, वेळ, जागा टिपा, ११२ ला फोन लावा, गुरं किती आणि पाणी-पेंढा दिसतो का तेवढंच सांगा. कोण चालवतोय आणि कुठे नेतोय यात पडू नका, त्यात पडलं की विषय गुराचा राहतच नाही.

गुरांच्या बोटीवर नोकरी मिळतेय, घेऊ का?

पोटाचा प्रश्न आहे, मी नाही म्हणणार नाही. पण एजंटला बोटीचं वय विचारा, आधी ती कसली बोट होती ते विचारा, झेंडा कुठला, म्हणजे कुठल्या देशात नोंदलेली, ते विचारा, आणि नाव कळलं की इंटरनेटवर तपासा की कुठल्या बंदराने तिला कधी अडवून ठेवलं होतं का. जी बोट गुरांना वाईट ती माणसालाही वाईटच असते, पंपही तेच आणि पंखेही तेच. स्वतःचा चांगला मास्क घेऊन जा, तिथला कापडी असतो. मरणाची नोंद रोज लिहितात, ती खरी लिहिली जाते का बघा, आणि खोटी लिहायला सांगितली तर सही करू नका, तुमचं नाव त्यात राहतं.

तुमचा आतेभाऊ परत जाणार का?

नाही. सध्या तो बल्क कॅरियरवर, म्हणजे सुटा माल नेणाऱ्या बोटीवर आहे, पगार थोडा कमी. मागच्या महिन्यात आला तेव्हा आत्याने कपडे घरातल्या मशीनमध्येच टाकले. कुळागरातली दोरी मात्र अजून तशीच आहे, त्यावर आता आम्ही गोणपाट वाळवतो.